द्राक्षबागेतील मधल्या पट्ट्याचे तण : काय राखावे, काय मारावे

(निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदारांसमोर शिवारफेरीनंतर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सकाळी आपण ज्या बागेत फिरलो तिथे दोन ओळींच्या मध्ये एक खड्डा खोदून ठेवला होता. आपल्यापैकी बरेच जण तो ओलांडून घड पाहायला पुढे गेले. मला मात्र आज त्या खड्ड्याविषयीच बोलायचे आहे. वरची चार-पाच इंच माती भुसभुशीत होती. तिच्याखाली कुदळ ठणकन वाजावी असा थर होता. त्या थराच्या वरच्या अंगाला द्राक्षाची बारीक मुळे तुटलेली दिसत होती आणि थराच्या खाली मुळे जवळजवळ नव्हतीच. बागेचे मालक मला अभिमानाने म्हणाले, "साहेब, आमच्या बागेत गवताची काडी सापडणार नाही." ते खरेच आहे. वर्षातून सहा-सात वेळा रोटाव्हेटर फिरल्यावर काडी कशी सापडेल?

परंतु ओल्या काळ्या रानात एकाच खोलीवर पाती फिरत राहिली की त्या खोलीला माती घट्ट होते. त्यावरून ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीचा ट्रॅक्टर किती वेळा जातो हे तुम्हीच मोजा. पाणी खाली मुरत नाही, मुळे खाली उतरत नाहीत आणि जी मुळे वर राहतात ती पुढच्या फेरीत तुटतात. शिवाय हरळी आणि लव्हाळा यांना रोटाव्हेटर मारक ठरत नाही, उलट त्यांची लागवड होते. हरळीच्या कांड्याचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र फुटतो. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत साखळीसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वरच्या गाठीला जाग असते, खालच्या झोपलेल्या असतात. साखळी तोडली की झोपलेल्या गाठीही फुटतात. पाच वर्षांपूर्वी बांधाच्या कडेला असलेली हरळी आज बागेच्या मध्यावर का आली, याचे उत्तर बहुधा अवजारांच्या शेडमध्ये उभे असते.

म्हणून "साहेब, कोणते औषध मारू?" या प्रश्नाआधी मी नेहमी एक प्रश्न विचारतो : तण नेमके कुठे आहे? द्राक्षबागेच्या जमिनीचे दोन भाग करा. एक वेलीखालचा बोद, जिथे ठिबकची नळी आहे आणि द्राक्षाची बहुतेक अन्न शोषणारी मुळे आहेत. दुसरा, दोन बोदांमधला ट्रॅक्टर जाणारा पट्टा. बोदावरचे तण वेलीच्या ताटातले पाणी आणि खत खाते, तिथे त्याला जागा नको. मधल्या पट्ट्यातले तण पावसाळ्यात वेलीचे फारसे काही नेत नाही. तिथे उघडी जमीन ठेवण्यापेक्षा आपल्या पसंतीचे काहीतरी उगवू द्यावे आणि आपल्या सोयीने कापावे, असे माझे मत आहे. दोन्ही भागांना एकच उपाय लावला की पैसा वाया जातो.

आच्छादन पीक कोणते, केव्हा?

फ्रान्स, जर्मनीत द्राक्षाच्या ओळींमध्ये, काही ठिकाणी एक आड एक ओळीत, गवत राखण्याची पद्धत आहे. आपले काही बागायतदार तिकडे जाऊन ते पाहून आले आहेत. पण तिथला पाऊस वर्षभर विखुरलेला असतो. आपला पाऊस चार महिन्यांचा, त्यानंतर विहीर आणि शेततळे. एप्रिल-मे महिन्यात खरड छाटणीनंतर मधल्या पट्ट्यात हिरवे पीक पोसण्याएवढे पाणी आपल्याकडे नाही. तेव्हा आपले आच्छादन पीक म्हणजे जून ते सप्टेंबरचे पाहुणे. येवला, सिन्नर, चांदवडच्या कमी पावसाच्या भागात पाऊस लांबला तर त्या वर्षी ते पेरूच नये.

पहिला चांगला पाऊस झाला की लगेच पेरण्याची घाई करू नका. आठ-दहा दिवसांत तणांची पहिली लाट उगवते. ती दोन पानांवर असताना हलकी वखरपाळी द्या आणि मग दाट पेरणी करा. एवढ्या एका गोष्टीने माठ, घोळ, केना आणि गाजर गवत यांची मोठी संख्या पेरणीपूर्वीच निघून जाते.

ताग हे आपल्या भागातले सर्वांत खात्रीचे पीक. लवकर वाढतो, जमीन झाकतो, हवेतील नत्र स्थिर करतो आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना थारा देत नाही. हिरवळीच्या खतासाठी सलग रानात एकरी २५ किलो बियाणे लागते. नऊ फुटांवर ओळी असतील आणि वेलीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट मोकळे सोडले, तर मधला पट्टा पाच फुटांचा राहतो. म्हणजे नऊपैकी पाच भाग. त्यासाठी एकर बागेला सुमारे १४ किलो ताग पुरतो. दुकानदाराने २५ किलोची पिशवी दिली म्हणून ती सगळी बोदावरही फेकू नये. चोपण किंवा पाणी साचणाऱ्या रानात तागाऐवजी धैंचा घ्यावा. चवळी बुटकी राहते, जमीन छान झाकते, शेंगाही मिळतात. पण ज्या बागेत मुळांवर गाठी दिसतात तिथे चवळी पेरू नका, तीच सूत्रकृमी चवळीवरही पोसली जाते. सकाळी एका बंधूंनी मुळे उपटून दाखवली, त्यांना हे विशेषकरून सांगतो.

आता नत्राविषयी. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांत काडीवरच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या काळात वेल नत्राने माजली तर पुढच्या हंगामात घडांऐवजी बाळ्या मोजाव्या लागतात. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी झालेल्या बागेत हा काळ जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतांशी संपतो. तागाचे नत्र जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये मोकळे होते, त्यामुळे इथे भीती नाही. भीती पुढे आहे. सगळा कोवळा ताग एकदम जमिनीत गाडला तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वेलीला नवा जोर येतो आणि काडी पिकायला उशीर लागतो. निफाडच्या गोदाकाठच्या भारी रानात, डॉगरिज खुंटावरच्या जोमदार बागेत हे हमखास घडते. अशा बागेत ताग गाडू नये. कापून बोदावर पसरावा, तो सावकाश कुजतो. अथवा तागात निम्मी चाऱ्याची बाजरी मिसळावी. बाजरीचा पाला उशिरा कुजतो आणि जमिनीतले मोकळे नत्र काही काळ धरून ठेवतो. दिंडोरीकडच्या हलक्या मुरमाड रानात मात्र निव्वळ तागच बरा. आणि ज्या वर्षी ताग घेतला त्या वर्षी युरियाचा हिशेब नव्याने मांडा. शेजाऱ्याने दोन पोती टाकली म्हणून आपणही टाकायची, असे करू नका.

कापणीबद्दल माझी स्वतःची एक चूक सांगतो. सुरुवातीला मी सर्वांना पुस्तकाप्रमाणे सांगत असे की ताग फुलोऱ्यात आला, म्हणजे ४५ ते ५० दिवसांनी, कापावा. एका बागेत त्याप्रमाणे थांबलो. पन्नासाव्या दिवशी पाऊस लागला तो दहा दिवस उघडला नाही. रानात कोणी जाऊ शकेना. ताग वाढत वाढत मांडवाला टेकला. खाली हवा खेळेना, पाने दिवसभर ओली, आणि खालच्या पानांवर डाऊनीचे पांढरे ठिपके आले. त्या बागायतदाराला त्या ऑगस्टमध्ये चार जादा फवारण्या द्याव्या लागल्या. तो सज्जन मनुष्य, मला काही बोलला नाही. पण जमीन सुधारायला निघालेल्या मी त्याच्या पानांचा विचारच केला नव्हता. तेव्हापासून मी दिवस सांगत नाही, उंची सांगतो. ताग कमरेला लागला की विळा, ब्रश कटर किंवा ट्रॅक्टरचे गवत कापणारे यंत्र लावा. चार-आठ दिवस आधी कापल्याने थोडा पाला कमी मिळेल, तो सोडून द्या. फुलोऱ्याच्या पुढे तर थांबूच नका, कारण फुलांवर फुलकिडे जमतात आणि ते नंतर आपल्या बागेचा रस्ता धरतात.

कापलेला पाला बोदावर पसरला की तिथले निम्मे काम होते. त्यावर उसाचे पाचट किंवा बगॅस मिळाल्यास तीन-चार इंचांचा थर द्या. प्रकाशच मिळाला नाही तर बारीक बियांची बहुतेक तणे उगवत नाहीत, ठिबकचे पाणीही उडत नाही. पालापाचोळा खोडाला चिकटवू नका, चार बोटे जागा सोडा.

ताग कापल्यानंतर मधल्या पट्ट्यात साधे गवत येते. येऊ द्या. दर तीन आठवड्यांनी तीन-चार इंचांवर कापत राहा. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी जमिनीवर मुळांसकट धरलेली, पण बुटकी अशी गवताची चटई असावी. तिचा उपयोग २०१९ साली दिसला. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पावसाने नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांचे फार मोठे नुकसान केले. तेव्हा औषध नव्हते असे नाही, औषध घेऊन बागेत शिरता येत नव्हते. उघड्या काळ्या रानात ट्रॅक्टरची चाके रुतली आणि डाऊनीला मोकळे रान मिळाले. मी पाहिलेल्या ज्या थोड्या बागांत मधल्या पट्ट्यात गवत होते, तिथे पाऊस थांबल्यावर फवारणी लवकर सुरू करता आली. त्यांचेही नुकसान झालेच, परंतु घड हातून जात असताना बांधावर नुसते उभे राहण्याची वेळ आली नाही.

गवत राखा म्हटले की आळशी माणूस खुश होतो, म्हणून हेही सांगितले पाहिजे. गाजर गवत, आघाडा, अंबाडीवर्गातली तणे राखायची नाहीत. पिठ्या ढेकूण, ज्याला आपण मिलीबग म्हणतो, तो अशा तणांवर आणि त्यांच्या मुळांशी आसरा घेतो, मुंग्या त्याला वेलीवर नेऊन पोचवतात. ही तणे फुलोऱ्यापूर्वी मुळासकट उपटा. बांधावरचीसुद्धा.

तणनाशकाचे मोजमाप

आता बोदावरच्या तणाकडे येऊ. खुरपणी सर्वांत चांगली, हे मी जाणतो. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या टोळ्या छाटणी, विरळणी आणि डिपिंगलाच पुरत नाहीत, हेही जाणतो. त्यामुळे वर्षातून एखाद-दोन वेळा तणनाशक वापरावे लागेल. वापरायचे तर मोजून वापरा.

पहिली चूक एकराची. लेबलवरचे एकरी प्रमाण हे फवारलेल्या जमिनीचे असते. बागेच्या सातबाऱ्यावरच्या एकराचे ते नसते. नऊ फुटी ओळींच्या एक एकर बागेत ओळींची एकूण लांबी ४,८४० फूट भरते. बोदाचा चार फुटी पट्टा फवारला तर फवारलेली जमीन १९,३६० चौरस फूट, म्हणजे जेमतेम १८ गुंठे. समजा लेबलवर एकरी ८०० मि.ली. प्रमाण आहे, तर तुमच्या एकर बागेला सुमारे ३५५ मि.ली. लागेल. पूर्ण ८०० मि.ली. त्याच पट्ट्यावर ओतणारे बागायतदार दुपटीहून जास्त औषध घालतात आणि मग विचारतात की वेल पिवळी का पडली.

दुसरी चूक पंपाची. प्रत्येक माणसाची चाल वेगळी, हात वेगळा. म्हणून फवारणीआधी पंपात फक्त साधे पाणी घ्या, किती लिटर ते मोजून. ओळीत १०० फुटांवर खूण करा. नेहमीच्या चालीने तेवढ्या अंतरातला पूर्ण चार फुटी पट्टा, म्हणजे दोन्ही बाजू, फवारा आणि उरलेले पाणी मोजा. समजा दोन लिटर लागले. तर ४,८४० फुटांना सुमारे ९७ लिटर लागतील. वरचे ३५५ मि.ली. औषध या ९७ लिटरमध्ये बसवायचे, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ५५ मि.ली. "एका पंपाला एक झाकण" हा हिशेब सोडून द्या. माणूस बदलला तर मोजणी पुन्हा करा. नोझल सपाट पंख्याच्या आकाराचे, दाब कमी, नोझलवर संरक्षक टोप, आणि वारा नसलेली सकाळ.

औषधांमध्ये भेद ओळखा. पॅराक्वाटसारखे स्पर्शजन्य तणनाशक ज्या हिरव्या भागावर पडते तेवढाच जाळते. कोवळ्या वार्षिक तणांना ते पुरते, पण हरळी-लव्हाळ्याचे फक्त केस कापले जातात. पंधरा दिवसांत पुन्हा हिरवे. आणि हे औषध पोटात गेले तर त्यावर उतारा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ते कधीही काढून ठेवू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचे प्राण गेले. औषधे वेगळी होती, पण हातमोजे, मास्क आणि उपाशीपोटी फवारणी यांबाबतची आपली सवय तीच आहे.

ग्लायफोसेट आंतरप्रवाही आहे. पानांतून शिरून मुळापर्यंत, गाठीपर्यंत जाते. म्हणूनच ते हरळीवर चालते आणि म्हणूनच वेलीला घातक ठरते. सप्टेंबरमध्ये हरळी अन्न खाली नेत असते, औषध लागू पडायला तो काळ चांगला. पण त्याच वेळी खुंटाला खालून हिरवे फुटवे असतात आणि वेलही अन्न साठवत असते. फुटव्यावर चार थेंब पडले तर त्या वेळी काही दिसत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर फूट येते ती बारीक, चिंचोळ्या, वाटीसारख्या पानांची. बागायतदार जस्त फवारतो, बोरॉन फवारतो, कलम बदलायला निघतो. सप्टेंबरचा पंप त्याला आठवत नाही. तीन वर्षांखालच्या हिरव्या खोडाच्या बागेत ग्लायफोसेट नेऊच नका. हरळीचा बंदोबस्त खरा नवीन लागवडीपूर्वी, मोकळ्या रानात करायचा असतो. खुंट लावल्यावर आठवण झाली तर उशीर झाला. आणखी एक, हेच एक औषध वर्षानुवर्षे वापरले की केना त्याला फारशी दाद देत नाही आणि इतर तणे मेल्यामुळे तिला मोकळी जागा मिळते. ती हातानेच काढावी लागते. क्षारयुक्त किंवा गढूळ पाण्यातही या औषधाचा जोर जातो.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्या. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीड नियंत्रण चालकांमार्फतच करण्याचे बंधन घातले. खरेदीपूर्वी सध्याचा नियम आणि लेबलवर द्राक्ष पीक आहे की नाही, हे दोन्ही तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून तपासून घ्या. निर्यातीसाठी बाग नोंदवली असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्या हंगामाची यादी पाहिल्याशिवाय कोणतेही औषध पंपात टाकू नका. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष सापडल्यामुळे युरोपात आपली द्राक्षे अडली होती. ते वाढनियंत्रक आपण वर्षानुवर्षे निर्धास्तपणे वापरत होतो.

शेवटी पंपाविषयी. निफाड तालुका गव्हाचाही आहे आणि उसाचाही. दोन्ही पिकांत रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी वापरले जाते, आणि द्राक्ष या औषधाला कमालीचे हळवे आहे. मला एका बागेत बोलावले होते. सगळी नवी पाने पंख्यासारखी, शिरा एकमेकींजवळ गोळा झालेल्या, कडा करवतीसारख्या. रोग म्हणून तीन बुरशीनाशके मारून झाली होती. चौकशीत निघाले की गव्हात २,४-डी मारलेला पंप दोनदा पाण्याने विसळून बागेत झिंकसाठी वापरला होता. घरातला धाकटा मुलगा रडवेला झाला होता, कारण पंप त्यानेच धुतला होता. त्याची चूक नव्हती, दोनदा विसळणे पुरते असेच त्याला सांगितले गेले होते. नळीत आणि वायसरमध्ये राहिलेला अंशही पुरेसा होतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्यावर लाल रंगाने ठळक लिहा आणि तो दुसऱ्या कामाला कोणाला उसना देऊ नका. शेजारी ऊस असेल तर वारा आपल्या बागेकडे असताना २,४-डी मारू नये, एवढी विनंती हंगामाआधी जाऊन करा. नुकसान झाल्यावर होणाऱ्या भांडणापेक्षा तो एक चहा स्वस्त पडतो.

आता प्रश्न विचारण्यापूर्वी आपण पुन्हा बागेत जाऊ. १०० फुटांवर चुन्याची खूण सकाळीच करून ठेवली आहे. पंप, मोजपात्र आणि साधे पाणी तयार आहे. ज्यांच्या घरी फवारणी गडी करतो त्यांनी गड्यालाच पुढे उभे करा, चाल त्याची मोजायची आहे.